धागा : 'आपला क्रूस उचलावा' – मार्क ८:३४ तासाभरात वाचायचं कसं?

फोंडेकर :
कोरेज्माच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या मरणवाटेवरच्या चौदा स्थानांची प्रार्थना) झाल्यावर तासभर वाचन ठेवायचं आहे. माणसं दहा-बारा. निम्मी घरी कोंकणी बोलतात, पण देवनागरीत वाचायचं म्हटलं की मराठीच जवळची वाटते. दोघे-तिघे ख्रिस्ती नाहीत, कुतूहलाने येतात. उतारा ठरलाय : मार्क ८:३४, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानातला ८ वा अध्याय, ३४ वं वचन. स्वतःला नाकारावं, आपला क्रूस उचलावा, माझ्यामागे यावं.

अडचण जुनीच. दहाव्या मिनिटाला गाडी 'ज्याचा त्याचा क्रूस' ह्या फलाटावर लागते. कुणाचे गुडघे, कुणाची सासू, कुणाचं कर्ज. सगळे माना डोलावतात, चहा येतो, उतारा तिथेच राहतो. तर सुरुवात कुठल्या वचनापासून करू? 'वधस्तंभ' म्हणू की 'क्रूस'? आणि त्या फलाटावरून गाडी पुढे कशी काढू? स्वानुभव नकोत, ते शुक्रवारी भरपूर मिळतील. उताऱ्यातलं सांगा.

मांडवीकाठ :
३४ पासून सुरू केलंत तर गाडी त्याच फलाटावर जाणार. ते वाक्य सुटं काढलं की त्याचा सुविचार होतो आणि सुविचारात ज्याने त्याने आपलं सामान भरायचं असतं. ८:२२ पासून उचला, ९:१ ला थांबा.

८:२२ का, तर तिथे बेथसैद्याचा आंधळा आहे. येशू त्याला दोन टप्प्यांत बरं करतो. पहिल्या टप्प्यानंतर त्याला माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. लगेच २९ मध्ये शिष्य पेत्र म्हणतो, 'तू ख्रिस्त आहेस'. बरोबर बोलला. आणि ३२ मध्ये तोच पेत्र येशूला बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे पेत्रालाही झाडंच दिसतायत. मार्कने हा आंधळा इथे उगाच आणलेला नाही. हा भाग संपतो १०:५२ ला, तिथे दुसरा आंधळा, बार्तिमय. तो झगा टाकून उठतो, बरा होतो आणि 'वाटेने' येशूच्या मागे चालू लागतो. ८:२७ मध्ये बोलणं सुरू होतं तेही 'वाटेत'. दोन आंधळ्यांच्या मधे ही वाट आहे.

ह्या वाटेवर येशू तीनदा आपल्या मरणाचं सांगतो : ८:३१, ९:३१, १०:३३-३४. तिन्ही वेळा शिष्य चुकतात. पहिल्यांदा पेत्र दटावतो. दुसऱ्यांदा मोठा कोण यावर वाद. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजवी-डावीकडची आसनं मागतात. (पुढे १५:२७ ला उजवी-डावीकडे कोण आहे ते बघा. दोन लुटारू.) चुकीनंतर प्रत्येक वेळी शिष्यत्वाचा धडा. ३४ वं वचन हा त्यातला पहिला धडा, पेत्राच्या चुकीला दिलेलं उत्तर. त्यामुळे ते सासूबद्दल नाही. पेत्राला हवा असलेला, न दुखता जिंकणारा ख्रिस्त मिळणार नाही, आणि त्याच्या मागे येणाऱ्यांनाही ती सवलत नाही, हे त्यात आहे.

ग्रीकवही :
मांडवीकाठ यांना पुस्ती जोडतो, मूळ ग्रीकमधल्या तीन-चार शब्दांची. गटात ग्रीक उच्चारू नका, लोक वह्या काढतात आणि चर्चा मरते. पण स्वतःला माहीत असू द्या.

'माझ्यामागे'. ३३ मध्ये येशू पेत्राला सैतान म्हणतो तेव्हा मूळ शब्द 'माझ्या मागे हो' असे आहेत. ३४ मध्ये 'जो माझ्या मागे येऊ पाहतो' तिथेही तोच शब्द. बऱ्याच छापील मराठी प्रतींत ३३ ला 'माझ्यापुढून निघून जा' अशा धाटणीचं भाषांतर असतं आणि धागा तुटतो. पेत्राला हाकललेलं नाही, रांगेतली जागा दाखवली आहे. तो पुढे होऊन वाट दाखवायला निघाला होता.

'नाकारावं'. इथलं क्रियापद आणि १४ व्या अध्यायात पेत्र कोंबडा आरवण्याआधी तीनदा जे करतो ते क्रियापद एकच. मराठीत इथे सहसा 'आत्मत्याग' आणि तिथे 'नाकारणे' छापतात, त्यामुळे दोन्हींचं नातं दिसत नाही. पेत्र अंगणात म्हणतो, 'हा माणूस मला ठाऊक नाही.' स्वतःला नाकारणं म्हणजे हेच वाक्य स्वतःच्या हक्कावर टाकणं : पहिल्या पंक्तीत बसू पाहणारा हा गृहस्थ माझ्या ओळखीचा नाही. स्वतःचा तिरस्कार करणं किंवा अंगावर कोरडे ओढणं हा त्याचा अर्थ नव्हे. 'आत्मत्याग' शब्दाने नेमका तो गोंधळ होतो, म्हणून मी तो टाळेन.

काळ. 'नाकारावं' आणि 'उचलावा' ही मुळात एकदाची कृती सांगणारी रूपं आहेत, 'मागे यावं' हे चालू राहणारं. मराठीत सरळ बसतं : नाकारावं, उचलावा आणि मागे येत राहावं.

'जीव'. ३५ ते ३७ मध्ये एकच शब्द चार वेळा येतो. कुठे 'जीव' आणि कुठे 'आत्मा' केलंत तर श्रोत्याला वाटतं की शरीर जाऊ दे, आत्मा वाचेल. चारही ठिकाणी 'जीव' ठेवा. आणि त्या तीन वचनांत शब्द बाजारातले आहेत : कमावणे, तोटा, मोबदला. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही दुकानदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

अबोली :
शब्दाबद्दल. 'क्रूस' आणि आपला कोंकणी 'खुरीस', दोन्ही पोर्तुगीज क्रूझवरून आले. गोव्यात खुरीस दर वळणावर आहे. पांढरा रंग, पणती, अबोलीची माळ. ३ मेच्या सुमारास त्याच्यापुढे लदाइन (सामूहिक स्तुती-प्रार्थना) म्हणतात, उकडलेले चणे वाटतात. ज्यावर १६१९ ला ख्रिस्ताचं दर्शन झालं असं मानतात तो खुरीस जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये ठेवलाय आणि तो वाढतो अशी श्रद्धा आहे. म्हणजे गोव्यात हा शब्द कानावर पडला की राखणदार आठवतो. भीती वाटत नाही.

'वधस्तंभ' उच्चारायला जड, पण त्यात 'वध' शिल्लक आहे. अडचण दुसऱ्या टोकाला : 'स्तंभ' उचलून कोण चालतो? रोमन रीतीत खांब बहुधा वधाच्या जागी रोवलेला असे आणि दोषी माणूस खांद्यावर आडवी तुळई घेऊन गावातून चालत जाई. प्लुटार्क ह्या ग्रीक लेखकाने लिहिलंय की प्रत्येक गुन्हेगार आपला क्रूस आपण वाहतो. ही शिक्षा मुख्यत्वे गुलामांना आणि बंडखोरांना. येशूच्या जन्माच्या आसपास, इ.स.पू. ४ मध्ये, वारूस नावाच्या रोमन सुभेदाराने बंड मोडून सुमारे २,००० जणांना क्रूसावर दिल्याचं योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो. गालीलच्या ऐकणाऱ्याला 'क्रूस उचल' म्हणजे काय हे विचारावं लागलं नसेल. हा माणूस आता परत येणार नाही, आणि सरकारने त्याला सगळ्यांदेखत नागवा करायचं ठरवलंय.

तेव्हा वाचताना एकदा 'वधस्तंभ' म्हणा, तुळईचं सांगा, मग तासभर 'क्रूस' म्हणा. नुसता एक शब्द निवडून भागणार नाही.

वाटसरू :
फलाटाच्या प्रश्नाकडे येतो. तिथे गाडी का लागते ह्याचं कारण मराठीत आहे, बायबलात नाही. आपल्याकडे दुःखाला आयता शब्द आहे : भोग. 'असतात एकेकाचे भोग.' 'भोगल्याशिवाय सुटका नाही.' माणूस 'क्रूस' वाचतो आणि मनात 'भोग' बसवतो. मग क्रूस म्हणजे नशिबी आलेलं, न विचारता आलेलं, मुकाट सोसायचं काहीतरी. आपल्या शास्त्राच्या भाषांतरांतही 'दुःख भोगले' हेच क्रियापद, त्यामुळे पकड आणखी घट्ट.

दोन्हींतला फरक गटापुढे असा मांडा. भोग उचलत नाहीत, तो आलेला असतो. क्रूस 'उचलावा' लागतो, आणि त्याआधी 'जर कोणी येऊ पाहत असेल' अशी अट आहे. म्हणजे नाही म्हणायला जागा आहे. भोगाला कारण मागचं असतं. क्रूसाचं कारण ३५ मध्ये लिहिलेलंच आहे : 'माझ्याकरता आणि सुवार्तेकरता'. हे शब्द फळ्यावर लिहा. एखादं दुःख त्या कारणाशी जोडता आलं नाही तर ते दुःख खोटं ठरत नाही, पण ह्या वचनातला क्रूस ते नव्हे.

आणि आजारी माणसांबाबत एक साधी परीक्षा : मार्कमध्ये येशू एकाही रोग्याला 'हा तुझा क्रूस आहे, वाहा' असं म्हणत नाही. बरा करतो. कुष्ठरोगी, पक्षघाती, रक्तस्रावाची बाई, कुणालाच नाही.

आता जिथे खरं नुकसान होतं ती जागा. १ पेत्र २:२१ मध्ये ख्रिस्ताने आपल्याकरता नमुना घालून दिला असं आहे. मूळ शब्द मुलांच्या पाटीवरच्या अक्षरांचा, ज्यावरून गिरवायचं. मराठीत त्याला कित्ता हाच नेमका शब्द. फार सुंदर. पण त्याच्या वरची वचनं, २:१८ पासून, गुलामांना उद्देशून आहेत. कायद्याने ज्यांना दुसरा रस्ताच नव्हता त्यांना. तीच वचनं आज नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला वाचून दाखवणं म्हणजे तिला पुन्हा गुलाम ठरवणं. हे होतं, आणि भक्तिभावाने होतं. गटात कुणी म्हणालं की 'तिने क्रूस वाहिला, संसार टिकवला', तर तिथल्या तिथे थांबवा. दारू पिऊन मारणाऱ्याची मारहाण 'सुवार्तेकरता' नाही. वाचन संपल्यावर चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि ११२ हा तातडीचा नंबर द्या. चिठ्ठीवर लिहून नको. घरी सापडते.

येशू स्वतःसुद्धा प्रत्येक थपडेला गप्प बसत नाही. योहान १८:२३ : 'वाईट बोललो असेन तर तसं दाखव, नाही तर मला का मारतोस?' पौल प्रेषितांची कृत्ये १६:३७ मध्ये फटके मारून गुपचूप सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगतो की आम्ही रोमन नागरिक आहोत, तुम्ही स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. मत्तय १०:२३ मध्ये तर स्पष्टच आहे : एका गावी छळ केला तर दुसऱ्या गावी पळून जा. पळणं हाही आज्ञेचा भाग.

पोईवाला :
गोव्याचे पाद्री जुझे वाझ आठवले. १६५१ ला बाणावलीत जन्म, घराणं सांकवाळचं. १६८७ ला सिलोनात (श्रीलंकेत) गेले तेव्हा डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली. मजुराच्या वेषात उतरले, लपून, बहुतेक काम रात्री. छळाच्या समोर छाती काढून उभे राहिले नाहीत. कँडीत पोर्तुगीज हेर म्हणून कैदेत पडले ते पडले. मग १६९७ ला देवीची साथ आली, लोक रोग्यांना रानात टाकून पळत होते, तेव्हा हे त्यांच्यासाठी झोपड्या बांधून शुश्रूषा करत राहिले. टाळता येणारं टाळलं, आणि सोडून जाता येत होतं तिथे थांबले. वाटसरूंच्या मुद्द्याला ह्याहून जवळचं उदाहरण गोव्यात नाही. २०१५ ला संत झाले म्हणून फोटो घरोघरी आहे, पण वेषांतराचं कुणी सांगत नाही.

मांडवीकाठ :
वाटसरू, बऱ्याच अंशी मान्य, पण तुम्ही दार फार अरुंद केलंत. लूक ९:२३ हेच वाक्य देताना एक शब्द घालतो : 'दररोज'. सुळावर रोज जाता येत नाही. म्हणजे लूकनेच अर्थ रुंद केला, रोजच्या आयुष्यात आणला. आणि आजाराचं म्हणाल तर कॅथलिक परंपरेत दुःख 'अर्पण करणं' जुनं आहे. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी ११ फेब्रुवारी १९८४ ला दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर स्वतंत्र पत्र काढलं, त्याची सुरुवातच कलस्सै १:२४ ने होते. खाटेवर पडलेल्या म्हातारीला 'तुझं दुखणं ह्या वचनात बसत नाही' असं सांगून शुक्रवारी घरी पाठवणार का?

वाटसरू :
नाही पाठवणार. 'दररोज'चा मुद्दा घेतला. पण लूकमध्येही 'उचलावा' आहे, 'सोसावा' नाही. कलस्सै १:२४ मात्र तयारीशिवाय उघडू नका. 'ख्रिस्ताच्या क्लेशांतलं जे उणं आहे ते मी भरून काढतो' हे ऐकलं की पहिला प्रश्न येतो, क्रूसावर काही कमी पडलं का? नाही. पौल तुरुंगातून लिहितोय, आणि ती भर तो मंडळीसाठी, प्रचाराच्या कामात झालेल्या त्रासाने घालतोय. दहा मिनिटं हातात नसतील तर वगळा.

म्हातारीसाठी २ करिंथ १२:७-९ घ्या. पौलाच्या शरीरातला काटा. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. आधी विनवणी, मग 'माझी कृपा तुला पुरे'. हा क्रम उलटा केला की औषध नाकारणारा भाविक तयार होतो. गेथशेमानेतही, अटकेच्या आधीच्या येशूच्या प्रार्थनेत, आधी 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' आहे, 'तुझ्या इच्छेप्रमाणे' नंतर.

मांडवीकाठ :
क्रमाचं पटलं. दाराबद्दल आपलं जमणार नाही, राहू द्या.

कुंकळ्ळीचा :
मी ख्रिस्ती नाही, फोंडेकर म्हणतात त्या कुतूहलवाल्यांपैकी समजा. तुमच्या खोलीत मनात येईल पण बोललं जाणार नाही ते विचारतो. गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० ते १८१२. कुंकळ्ळीला १५८३ मध्ये पाच जेझुइट (कॅथलिक संघाचे मिशनरी) मारले गेले, त्यांना १८९३ ला धन्य घोषित केलं. त्यानंतर गावचे गावकर बोलणीच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारले गेले. 'क्रूस उचला' हे वाक्य इथे वाचताना कुणाचा क्रूस कुणाच्या पाठीवर, हे विचारायचं की नाही?

अबोली :
विचारायचंच. आणि उताऱ्यात त्याला जागा आहे, बाहेरून आणावी लागत नाही. ३४ मध्ये 'आपला' क्रूस आहे. दुसऱ्याच्या पाठीवर लादलेल्या क्रूसाचं चित्र मार्कमध्ये एकच, १५:२१, शिमोन कुरेनेकर. शेतावरून येत होता, शिपायांनी धरला. तिथलं क्रियापद सरकारी बिगारीचं, जे मत्तय ५:४१ मध्ये 'एक कोस जायला भाग पाडलं' तिथे येतं. मराठीत : वेठीस धरला. लादणारे रोमन शिपाई आहेत, शिष्य नाहीत. शिष्य एव्हाना पळालेत. क्रूसाच्या वाटेत हे पाचवं स्थान, आणि बहुतेक पुस्तिकांत 'शिमोन मदत करतो' असं गोड करून लिहिलेलं असतं. त्या दिवशी वाट आधी होणारच आहे, तर पाचव्या स्थानावर 'वेठ' हा शब्द मुद्दाम वापरा, पुढच्या तासाची पेरणी होते.

आणि १०:४२-४५ जोडून वाचा : राष्ट्रांचे अधिपती सत्ता गाजवतात, 'तुमच्यात तसं नाही'. सत्तेच्या बळावर क्रूस वाटणारा ह्या वचनाखालीच येतो, मग त्याच्या हातात कुठलाही ध्वज असो. कुंकळ्ळीला त्या गावकरांचं स्मारकही आहे. एकच मेणबत्ती एकाच बाजूला लावून हा उतारा वाचता येत नाही.

कुंकळ्ळीचा :
'वेठ' पटला. धन्यवाद, एवढं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं.

फोंडेकर :
भरपूर मिळालं, आता तासात बसवायचंय. कुणी वेळ लावून देईल का?

मांडवीकाठ :
देतो. ८:२२ ते ९:१ मोठ्याने वाचायला पाचेक मिनिटं लागतात. दोनदा वाचा, मधे दोन मिनिटं गप्प. पहिल्यांदा एका आवाजात, दुसऱ्यांदा तीन : निवेदक, येशू, पेत्र. प्रती छापताना वचनांचे आकडे काढून टाका, नाहीतर डोळे ३४ वर जाऊन बसतात. झाली बारा मिनिटं.

मग पंधरा मिनिटं फक्त पेत्र. त्याला नेमकं काय नको होतं? इथे घाई करू नका, सगळं मर्म ह्या प्रश्नात आहे. ३१ मधलं 'तीन दिवसांनी पुन्हा उठावं' पेत्राला ऐकूच आलेलं दिसत नाही, आणि गटातही कुणी ते सांगत नाही. वाट बघा. कुणीच नाही बोललं तर ३१ पुन्हा वाचायला सांगा, बोट दाखवू नका.

त्यानंतर अबोलींची तुळई, पाच मिनिटं. मग ३४-३५, वीस मिनिटं : 'उचलावा' आणि 'माझ्याकरता'. प्रश्न 'तुमचा क्रूस कोणता?' असा विचारलात की संपलं. 'ह्या गावात येशूच्या मागे जाताना कशाची किंमत मोजावी लागेल?' असं विचारा. उत्तरं ठोस येतात : जमिनीच्या व्यवहारात लाच न देणं, गावातल्या लग्नाला जातीबाहेरच्याला घरी बोलावणं, ज्याच्याशी सगळ्यांनी बोलणं टाकलंय त्याच्याशी बोलणं. लूक १४:२८ चा बुरूज बांधणारा इथे कामाला येतो. आधी बसून खर्चाचा हिशेब करतो तो. राहिलेली आठ मिनिटं शांतता आणि प्रार्थना. ३६-३८ राहिलं तरी चालेल, पुढचा शुक्रवार आहे.

ग्रीकवही :
एक भर. ३४ च्या सुरुवातीला येशू शिष्यांसोबत 'लोकसमुदायाला' जवळ बोलावतो. जे ख्रिस्ती नाहीत त्यांना हे आधीच सांगा. वाक्य आतल्या बारा जणांपुरतं नाही, वाटेवर जमलेल्या कुणालाही आहे, त्यामुळे त्यांनीही बोलावं.

फोंडेकर :
शेवटचं. पेत्र कुणाला देऊ? आणि चहा आधी की नंतर?

अबोली :
चहा नंतर, आणि किटली दुसऱ्या खोलीत, वास आला की शेवटची आठ मिनिटं गेली. पेत्र ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याला. ३३ ला त्याला उठून येशू वाचणाऱ्याच्या मागे जाऊन उभं राहायला सांगा आणि ९:१ पर्यंत तिथेच राहू द्या. खुर्ची नेऊ देऊ नका, फरशीवर फार वाजते.